बँड न सोडता स्वतःचा अल्बम: वहीतल्या पहिल्या चालीपासून रिलीजनंतरच्या महिन्यापर्यंत

मी नऊ वर्षं एका मराठी रॉक बँडमध्ये बेस वाजवते. मागची दोन वर्षं खपून आठ गाण्यांचा माझा स्वतःचा अल्बम केला, आणि बँडही पूर्वीसारखाच चालू आहे. तेव्हापासून कॉलेजच्या बँडमधली मुलंमुली भेटली की विचारतात: माइक कुठला घेऊ? स्टुडिओ कुठला चांगला? स्पॉटिफायवर गाणं कसं चढवायचं? हे सगळे प्रश्न नंतरचे आहेत. सगळ्यात आधी वहीत एक वाक्य लिहायचं असतं: ही गाणी बँडची का नाहीत?

हे वाक्य नीट लिहून झालं की बरंचसं आपोआप ठरतं. वाद्यं कुठली, वाजवणार कोण, खर्च कशावर, मुलाखतीत काय बोलायचं, सगळं. माझं वाक्य असं होतं: ‘बँडमध्ये आम्ही गर्दीसाठी गातो, ही गाणी एका माणसाने दुसऱ्याशी बोलल्यासारखी आहेत.’ त्यातून लगेच कळलं की दोन डिस्टॉर्शन गिटारी नकोत, कोरस ओरडून गायचे नाहीत आणि आवाज माइकच्या अगदी जवळून घ्यायचा. तुमचं उत्तर वेगळं असेल. पण ‘मला पण काहीतरी करायचंय’ एवढंच हाती लागत असेल तर अजून काही महिने नुसती गाणी लिहा. पैसे खर्च करू नका.

स्वतःचा अल्बम काढणं म्हणजे बँड फुटणं, अशी आपल्याकडे समजूत आहे. पाचगणीच्या शाळेत शिकलेला आणि तिथल्या ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवणारा फारोख बलसारा पुढे क्वीन या ब्रिटिश बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला. त्याचा पहिला सोलो अल्बम १९८५च्या एप्रिलमध्ये आला, आणि त्याच वर्षी १३ जुलैला तो वेम्ब्लीला ‘लाइव्ह एड’ या मोठ्या कार्यक्रमात क्वीनबरोबर उभा होता. त्या अल्बममधली दोन गाणी क्वीनने नव्याने बांधून १९९५च्या आपल्या अल्बमात घेतली. गाणी अशी बँडकडे परतही येतात, हे ध्यानात असू द्या.

पहिली पायरी: तीन रकाने

वहीचं एक पान घ्या आणि तीन रकाने आखा. पहिल्यात बँडची गाणी, दुसऱ्यात तुमची, तिसऱ्यात ज्यांच्याबद्दल शंका आहे ती. जॅमरूममध्ये तुम्ही एक रिफ (गिटारीचा पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) वाजवलीत, ड्रमरने त्यावर ठेका धरला, गायकाने दोन ओळी गुणगुणल्या आणि ते तसंच राहून गेलं, अशी गाणी तिसऱ्या रकान्यात जातात. माझ्याकडे अशी चार होती. चारही मी बँडला ठेवली. त्यातलं एक माझं फार लाडकं होतं. पण ज्या चालीत दुसऱ्याचा हात लागलाय ती उचलून आपल्या नावावर काढली की पुढे प्रत्येक रियाजाला ती मधे येऊन बसते. गाणं दुसरं लिहिता येतं.

दुसरी पायरी: बँडशी बोलणं, आणि मग कागद

हे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सांगू नका. एकेकट्याला गाठूनही सांगू नका, कारण तिसऱ्याला ते दुसऱ्याकडून कळतं आणि वाईट तिथेच वाटतं. मी शनिवारचा रियाज संपल्यावर खालच्या टपरीवर चहा घेताना सगळ्यांसमोर सांगितलं: ‘पुढच्या वर्षी मी माझी आठ गाणी करतेय. शनिवारच्या रियाजाला धक्का लागणार नाही. बँडच्या कुठल्याही गाण्याला हात लावणार नाही.’ आमचा गिटारिस्ट बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, ‘शो एकाच दिवशी आले तर?’ हाच खरा प्रश्न होता. बँडचा शो आधी, असं तिथेच ठरलं, आणि ते मी आजवर पाळलंय.

बोलून झाल्यावर पानभर कागद करा. त्यात चार गोष्टी पुरतात. बँडचं नाव सोलोच्या पोस्टरवर कसं आणि केवढं येणार. बँडच्या पानावरून किती पोस्ट करायच्या (आमचं ठरलं, फक्त एक, रिलीजच्या दिवशी). तारखांची टक्कर झाली तर प्राधान्य कशाला. बँडच्या पैशांतून आणलेलं सामान सोलोसाठी वापरता येईल का. आणि बँडने कुठल्या लेबलशी, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीशी, करार केला असेल तर तो काढून वाचा. काही करारांत बँडच्या प्रत्येक सदस्याचं रेकॉर्डिंग त्या लेबलकडेच बांधलेलं असतं. सही करताना अशी कलमं कोणी वाचत नाही.

तिसरी पायरी: शब्द आणि चाल

इथे मी जरा रेंगाळणार आहे. मराठी पॉप-रॉकमधली पुष्कळ गाणी इथेच पडतात आणि दोष मात्र मिक्सिंगला, म्हणजे वाद्यं आणि आवाज यांचा तोल साधण्याच्या कामाला, दिला जातो.

रॉकच्या चार मात्रांत दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर, म्हणजे ड्रमसेटमधला कडक वाजणारा ड्रम, पडतो. मराठी शब्दांना इंग्रजीसारखा ठळक आघात नसतो. आपला शब्द ऱ्हस्वदीर्घावर तोलतो. त्यामुळे चाल आधी बांधून त्यात शब्द कोंबले की शब्द भलतीकडे तुटतो. ‘खिडकीत’ हा शब्द ‘खिड-कीत’ असा मात्रांवर बसला तर ऐकणाऱ्याला खिडकी दिसते. ‘खि’वर थांबून ‘डकीत’ पुढच्या मात्रेवर गेला की ते नुसते आवाज उरतात. यावरचा माझा उपाय सोपा आहे: ओळ आधी टाळीवर बोलून पाहा, गाऊ नका. बोलताना जिथे जीभ अडखळते तिथे गातानाही अडखळणार.

दुसरी गोष्ट, बोली की प्रमाण हे पहिल्याच गाण्यात ठरवा. ‘केलं, माझं, सांगितलं’ की ‘केले, माझे, सांगितले’? यमकासाठी एका कडव्यात ‘केले’ आणि पुढच्यात ‘केलं’ असं झालं की गाणारा माणूस एकच आहे यावरचा विश्वास उडतो. शब्दाच्या शेवटचा ‘अ’ही तसाच. भावगीतात ‘मन’, ‘घन’ यांतला शेवटचा अ लांबवून गातात आणि ते शोभतं. पॉप-रॉकमध्ये आपण बोलतो तसा शब्द मिटवून टाकणं जास्त खरं वाटतं. दोन्ही चालतं, पण सरमिसळ करू नका.

तिसरी गोष्ट च आणि ज. ‘चंद्र’मधला च आणि ‘चांदणं’मधला च वेगळा आहे. ‘जीव’मधला ज आणि ‘जगणं’मधला ज वेगळा आहे. हिंदी गाण्यांवर वाढलेला गळा दोन्ही एकसारखेच काढतो. माझ्या पहिल्या डेमोत मी ‘जगणं’ चक्क हिंदीसारखं गायले होते. आईने ऐकलं आणि विचारलं, ‘हे कोण गातंय?’ त्या एका प्रश्नावर मी तीन गाणी पुन्हा गायले.

उंच सुरावर कुठला स्वर ठेवायचा, हे लिहितानाच पाहा. ‘आ’ आणि ‘ए’वर गळा उघडतो, ‘इ’ आणि ‘उ’वर आवळतो. कोरसच्या सगळ्यात उंच जागी ‘तू’ आला तर बहुतेकांना तो ढकलावा लागतो. तिथे ‘तुला’ बसवून लांबवायचा भार ‘ला’वर दिला की प्रश्न सुटतो. आणि पट्टी स्वतःची ठरवा. बँडमध्ये पट्टी मुख्य गायकाची असते, आपण कोरसला मागून आवाज देत असतो. स्वतःच्या अल्बमात सबंध गाणं आपल्याला पेलायचं असतं. तुमचा सगळ्यात उंच सूर जो असेल त्याच्या एक पूर्ण स्वर खाली कोरसचं टोक ठेवा, कारण ते वीस वेळा गावं लागणार आहे.

कवितेला चाल लावणार असाल तर

कवितेला चाल लावायचा मोह मराठी संगीतकाराला होतोच, म्हणून हे वेगळं सांगते. आपल्या कायद्यात साहित्यकृतीचे हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात, आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढल्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. बालकवी १९१८ साली गेले, भा. रा. तांबे १९४१ साली, मर्ढेकर १९५६ साली. या तिघांच्या हयातीत छापलेल्या कविता आता कोणीही वापरू शकतं. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे त्यांच्या कवितेसाठी २०५९ संपेपर्यंत हक्कधारकांची लेखी परवानगी लागणार. संतांचे अभंग खुले आहेत. पण ज्या चालीत तो अभंग आपण लहानपणापासून ऐकत आलो ती चाल बहुधा कुण्या संगीतकाराची असते, आणि तिचे हक्क वेगळे मोजावे लागतात. शब्द मोकळे म्हणून चालही मोकळी, असं धरून चालू नका.

चौथी पायरी: डेमो

प्रत्येक गाण्याचा डेमो फोनवर करा, फक्त एक गिटार किंवा की-बोर्ड आणि आवाज. तो आठ दिवस ऐकू नका. मग एकदा ऐका आणि लय कुठे ढिली पडते ते लिहून ठेवा. दुसरा डेमो संगणकावर, क्लिक ट्रॅकवर (कानात ठरलेल्या गतीने पडणाऱ्या ठोक्यावर) करा. बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके, इथेच पक्का करायचा असतो, आणि दोन-चार आकड्यांनीही गाणं बदलतं. माझं एक गाणं ९६ला रडगाणं वाटत होतं, १०१ला चालायला लागलं.

सॉफ्टवेअर कुठलं, यावर वाद घालत बसू नका. रीपर साठ दिवस वापरून पाहता येतं आणि त्याचा वैयक्तिक परवाना इतरांच्या तुलनेत स्वस्त आहे. एक दोन-इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (वाद्य आणि माइक संगणकाला जोडणारी पेटी), एक चांगला हेडफोन आणि एक माइक एवढ्यावर डेमो काय, अर्धा अल्बम होतो. घरची खोली उघडीवाघडी असेल तर महागडा कंडेन्सर माइक घेऊ नका. तो भिंतींचा घुमारा, खालची रिक्षा आणि शेजारच्या कुकरची शिट्टी सगळं टिपतो. शुअरच्या एसएम ५८सारखा डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरला की खोलीचा आवाज कमी येतो.

बँडचा ड्रमर अल्बमात घ्यावा का? हे मला सगळे विचारतात. आमचा ड्रमर माझा जिवलग आहे, तरी मी त्याला घेतलं नाही, आणि का ते त्याला आधीच सांगितलं. त्याचा हात पडला की गाणं आमच्या बँडचं होतं. बँडचा आवाज मुख्यतः त्याच्याच हातात आहे. ज्यांच्या गाण्यांना तसं काही होत नसेल त्यांनी खुशाल घ्यावं. पण मैत्रीपोटी फुकट वाजवून घेऊ नका. बाहेरच्या वादकाला जे देणार तेच त्यालाही द्या.

पाचवी पायरी: रेकॉर्डिंग

खर्च ड्रमवर करा. खरे ड्रम घरी होत नाहीत. त्यासाठी चांगल्या खोलीचा स्टुडिओ एक-दोन दिवस घ्या आणि सगळ्या गाण्यांचे ड्रम एका दमात उरका. माइक लावायला आणि आवाज बसवायलाच अर्धा दिवस जातो. तो एकदाच जावा. ड्रमरला महिनाभर आधी डेमो आणि क्लिक द्या, जॅमरूममध्ये दोनदा बसा, मग स्टुडिओत जा. तासाने भाडं चालू असताना ठेका शोधत बसणं परवडत नाही.

बेस आणि गिटार घरी थेट इंटरफेसमध्ये घेता येतात. ॲम्पचा आवाज नंतर देता येतो. घेताना सॉफ्टवेअरमधला बफर (आवाज कानात यायला किती उशीर होतो ते ठरवणारा आकडा) १२८वर ठेवा म्हणजे वाजवलेलं कानात उशिरा येत नाही; मिक्स करताना तो वाढवा. फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. पातळी जास्तीत जास्त उणे सहा डेसिबलच्या आसपास राहू द्या. लाल दिवा पेटला की तो टेक गेलाच म्हणून समजा.

आवाज मी घरीच घेतला, कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर, मागे दोरीवर दोन रजया टांगून, रात्री अकरानंतर. पंखा बंद. पावसाळ्यात हे जमत नाही, आमच्या वर पत्रा आहे. म्हणून आवाजाचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवलं. एका बैठकीत एकच गाणं, आणि त्याचे चारपाच सलग टेक. ओळी जोडून गाणं बनवता येतं, पण सलग टेकमधला श्वास जोडकामात मिळत नाही. पहिले दोन टेक पुसू नका. माझ्या आठांपैकी तीन गाण्यांत शेवटी पहिलाच टेक राहिला.

वादकांकडून त्याच दिवशी एका पानावर सही घ्या: कुठलं गाणं, काय वाजवलं, किती मानधन मिळालं, श्रेयनामावलीत नाव कसं हवं. वर्षभराने विचारायला गेलं की आठवणी वेगवेगळ्या निघतात.

सहावी पायरी: मिक्स आणि मास्टर

मिक्स शक्यतो दुसऱ्याकडून करून घ्या. त्याला पाठवताना सगळ्या फाइली शून्यापासून सुरू होणाऱ्या, नावं वाचता येतील अशी, सोबत बीपीएम, पट्टी, शब्दांचा कागद आणि तुमचा कच्चा मिक्स. मिक्स करणारा मराठी नसेल तर शब्दांचा कागद तर हवाच, वर एकदा फोन करून कुठले शब्द ऐकू आलेच पाहिजेत तेही सांगा. गिटारींचा चावरा भाग आणि आपली व्यंजनं साधारण दोन ते पाच किलोहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर येतात. ‘ळ’ आणि ‘ण’ तिथेच हरवतात. आवाज वाढवण्याऐवजी गिटारी त्या भागात थोड्या कापल्या की शब्द वर येतो.

मास्टर, म्हणजे मिक्सवरचा शेवटचा हात, फार मोठ्याने करून घेऊ नका. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला (हे आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) आणून वाजवतं. जास्त दाबून मोठं केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं, आणि दाबलेपण मात्र तसंच राहतं. शिखर उणे एक डेसिबलच्या खाली ठेवा. पक्कं म्हणण्याआधी मास्टर फोनच्या स्पीकरवर, गाडीत आणि जॅमरूमच्या पीएवर, म्हणजे मोठ्या स्पीकरवर, ऐका.

सातवी पायरी: हक्क

एका गाण्यात तीन मालमत्ता असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. ध्वनिमुद्रणाचा हक्क, ते घडवून आणण्याची जबाबदारी ज्याने घेतली त्या निर्मात्याचा. पैसे आणि पुढाकार तुमचा असेल तर तो तुमचा. कुणी लेबलवाला ‘आम्ही रिलीज करतो’ म्हणाला तर हे तीन वेगळे मोजून विचारा की यातलं नेमकं काय, किती वर्षांसाठी आणि कुठे. हक्क देताना करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. पण ‘कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात’ असं लिहून त्यावर सही केलीत तर हा आधार राहत नाही.

गीतकार किंवा संगीतकार म्हणून आयपीआरएसचं (गाण्यांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचं) सदस्यत्व घ्या आणि रिलीज झाल्यावर प्रत्येक गाणं तिथे नोंदवा. शब्द एकाचे आणि चाल दुसऱ्याची असेल तर वाटणी किती टक्के हे नोंदवण्याआधीच लिहून ठेवा.

आठवी पायरी: चढवणं

स्पॉटिफाय किंवा ॲपल म्युझिकवर गाणी आपण थेट टाकत नाही, वितरकामार्फत जातात. डिस्ट्रोकिडसारखे काही वर्षाची वर्गणी घेतात, काही उत्पन्नात वाटा घेतात. निवडताना तीन गोष्टी विचारा: वर्गणी थांबली तर गाणी उतरतात का, जिओसावनवर जातात का, कॉलर ट्यून होते का. मराठी गाण्याच्या बाबतीत तिसरा प्रश्न क्षुल्लक नाही. माझ्या काकांच्या फोनवर माझं गाणं आहे, आणि त्यांना फोन करणारे विचारतात.

कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल, चौकोनी. नावाचं रोमन स्पेलिंग एकच ठरवा, अगदी ‘ee’ लावायचे की ‘i’ एवढ्या बारकाव्यासकट, आणि आयुष्यभर तेच ठेवा. भाषेच्या रकान्यात मराठी निवडा. घाईत हिंदी राहून जातं आणि गाणं भलत्या कानांपुढे जातं. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा ओळख-क्रमांक मिळतो. आधी सिंगल काढून नंतर तेच गाणं अल्बमात घालताना तोच क्रमांक द्या, नाहीतर आधी ऐकलं गेलेलं मोजमाप नव्या ठिकाणी जोडलं जात नाही.

विकतचे तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजवायचे ठेक्याचे वा सुरांचे तुकडे) वापरले असतील तर त्या गाण्यावर यूट्यूबचा कंटेंट आयडी, म्हणजे गाणं ओळखून आपोआप हक्काचा दावा लावणारी व्यवस्था, लावू नका. तोच लूप दुसऱ्या कुणाच्या गाण्यातही असतो आणि दोघांचे दावे एकमेकांवर पडतात. आणि तुमच्याच चॅनेलवर टाकलेल्या तुमच्याच व्हिडिओवर दावा आला तर घाबरू नका, वितरकाला चॅनेल मोकळं करायला सांगा.

गाणी रिलीजच्या किमान चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट निवडणाऱ्या संपादकांना अजून न आलेलं एकच गाणं एका वेळी सुचवता येतं आणि निदान सात दिवस आधी सुचवलं तर ते तुमच्या फॉलोअरच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या यादीतही जातं. पैशांचं गणित आधीच समजून घ्या: तीस सेकंदांपुढे ऐकलं तर ते एक ऐकणं, आणि २०२४पासून, मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला तिथून काही मिळत नाही. म्हणून कोणी ‘पन्नास हजार स्ट्रीम देतो’ म्हणून पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. खोटी ऐकणी पकडली गेली की वितरकाला दंड होतो आणि गाणं उतरतं.

नववी पायरी: प्रसिद्धी

पहिला सिंगल, पाच आठवड्यांनी दुसरा, आणखी पाच आठवड्यांनी अल्बम, अशी चाल मला जमली. तारखा ठरवताना आधी बँडचं वेळापत्रक पाहा. बँडचं गाणं येणार असेल त्याच्या आगेमागे दीड महिना मोकळा सोडा. मग महाराष्ट्राचं वेळापत्रक. गणपतीच्या आधीचे तीन आठवडे आरत्या आणि ढोलताशाचे असतात. आपलं हळुवार गाणं तिथे बुडतं. पावसाचं गाणं असेल तर ते मेअखेरीस बाहेर यायला हवं, लोक पहिल्या सरीला लावतील. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, प्रत्येक पानाला मराठीतलं काहीतरी हवं असतं. त्या दिवशी नवं गाणं काढू नका, आधी काढलेलं पाठवा.

स्वतःबद्दल दोन ओळी लिहून ठेवा आणि जो मागेल त्याला त्याच द्या. हे मी पहिल्या वेळी केलं नाही. एका आयोजकाने माझ्या छोट्या कार्यक्रमाच्या पोस्टरवर बँडचं नाव माझ्यापेक्षा मोठं छापलं आणि खाली ‘च्या माजी सदस्य’ असं लिहिलं. पोस्टर दोन दिवस फिरत होतं. बँडमधल्या दोघांना नातेवाइकांनी फोन करून विचारलं की भांडण झालं का. मी प्रत्येकाच्या घरी जाऊन बोलले. तेव्हापासून माझ्या दोन ओळींत ‘सध्याही त्या बँडमध्ये बेस वाजवते’ हे पहिलं वाक्य आहे, आणि छापायला जाण्याआधी पोस्टर मला दाखवा, ही अट आहे.

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांना प्रसिद्धिपत्रक मराठीत, देवनागरीत, एका पानाचं, दहाबारा दिवस आधी पाठवा, सोबत आडवा आणि उभा असे दोन मोठे फोटो. ‘सुमधुर’, ‘हृदयस्पर्शी’ असली विशेषणं काढून टाका. त्याजागी एक गोष्ट सांगा: गाणं कुठे सुचलं, कशाबद्दल आहे. वहीतलं ते पहिलं वाक्य इथे पुन्हा उपयोगी पडतं. पुण्यात असाल तर विद्यापीठाच्या विद्यावाणीसारखं सामुदायिक रेडिओ केंद्र नव्या लोकांना बोलतं करतं. तुमच्या गावात तसं काही आहे का पाहा. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनाही लिहा. लंडनचं मंडळ १९३२पासून आहे, आणि उत्तर अमेरिकेतल्या मंडळांचं अधिवेशन दर दोन वर्षांनी भरतं. तिथे नव्या मराठी गाण्यांची भूक आहे, पण कार्यक्रम फार आधी ठरतात, म्हणून पत्र लवकर जायला हवं.

रील्ससाठी गाण्याचा कोणता भाग द्यायचा, हे तुम्ही ठरवा. आपोआप सुरुवात दिली जाते आणि आपल्या गाण्यांची सुरुवात पुष्कळदा नुसती गिटार असते. मी कोरस सोडून दुसऱ्या कडव्याच्या दोन ओळी दिल्या, कारण लोक त्याच ओळी मला लिहून पाठवत होते. शब्द पडद्यावर देवनागरीत येऊ द्या. आणि रोज पोस्ट टाकत बसण्यापेक्षा जे लिहितात त्यांना उत्तर द्या. माझ्या पहिल्या कार्यक्रमाला साठसत्तर जण आले, त्यातल्या निम्म्यांशी माझं आधी लिहून बोलणं झालं होतं.

दहावी पायरी: मंचावर

पहिला कार्यक्रम लहान जागेत करा. पुण्यात शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचासारख्या जागेत गाणाऱ्याचा चेहरा शेवटच्या रांगेलाही दिसतो, आणि अशा गाण्यांना तेच हवं. अल्बमातला प्रत्येक थर मंचावर आणायचा हट्ट सोडा. मी तिघांत बसवलं: बेस आणि आवाज मी, एक गिटार, एक जण काहोन (वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी) आणि थोडे ड्रम. दोन गाणी नुसत्या बेसवर गायले. बँडचं एकही गाणं घेतलं नाही, मागणी झाली तरी. आठ गाणी तीस-पस्तीस मिनिटांत संपतात. मधे बोला, पण काय बोलायचं ते आधी लिहून तालीम करा.

रिलीजनंतरच्या महिन्यात करायची कामं थोडी आणि कंटाळवाणी आहेत, म्हणूनच राहतात. सगळे स्टेम (वाद्यांच्या आणि आवाजाच्या सुट्या फाइली), सेशनच्या फाइली, आवाजाविना मिक्स आणि मास्टर दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा, दोन वेगवेगळ्या घरांत. आयपीआरएसवरची नोंद झाली का पाहा. वादकांचं मानधन राहिलं असेल तर ते आधी द्या. सह्यांचे कागद एका पाकिटात घाला.

आणि त्या पाकिटात एक कागद कोरा ठेवा. अल्बम आल्यावर तिसऱ्या शनिवारी मी रियाजाला गेले, तर आमचा ड्रमर माझ्या चौथ्या गाण्याचा ठेका वाजवत बसला होता, माझ्यापेक्षा जरा जलद. ‘हे आपण सेटमध्ये घेऊया ना,’ तो म्हणाला. त्याच संध्याकाळी टपरीवर आम्ही त्या कोऱ्या कागदावर लिहिलं: शब्द आणि चाल माझी, मंचावरची मांडणी बँडची, रेकॉर्ड करायची वेळ आली तर पुन्हा बसून ठरवायचं. पाचही जणांनी सही केली. आता ते गाणं ११२ बीपीएमला वाजतं.